शंभरात किती?

माझ्या घरच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात गेले तीन आठवडे एक चौकोन येऊन बसतो. नवीन अपडेट आलंय म्हणतो. आता करू, की नंतर? आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत: यापुढे न विचारता आपोआप करत जाऊ का? दिवसभर चाळीस-चाळीस पोरींना तेच ते शिकवून घरी यावं, चहाचा कप घेऊन जरा टेकावं, तर हा समोर हजर. मी "नंतर" दाबते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो. नवरा म्हणतो, "अगं, एकदाचं हो म्हणून टाक ना, कटकट तरी जाईल." कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला एवढंही ठरवता येत नाही म्हणून तो हसतो. हसू दे. पिंपळगाव राजा या गावी ज्यांच्या घरी मी सहा वर्षं भाड्यानं राहिले, त्या काकांना त्यानं पाहिलेलं नाही.

काका तेव्हा सत्तरीला टेकले होते. बियाणं तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. काम एकच. नमुन्यातले शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, आठ दिवस थांबायचं आणि किती उगवले ते लिहायचं. तीस वर्षं माणूस रोज हेच करत राहिला तर त्याचं जे होईल ते काकांचं झालं होतं. जगातली कुठलीही गोष्ट समोर आली की ते एकच विचारायचे, "शंभरात किती?"

खामगावची एस.टी. लागली की कंडक्टरला विचारायचे, "ही गाडी शंभरात किती डाव टायमावर येते?" कंडक्टर त्यांना ओळखून होता. "काका, तुमी बसले का येते," म्हणायचा. दर रविवारी विहारात वंदना झाली की सतरंज्यांच्या घड्या घालायचं काम काकांकडे असायचं. तिथंही ते आलेली माणसं मोजून घ्यायचे आणि घरी येऊन काकूंना आकडा सांगायचे. काकू भाकरी थापत "हाव, हाव" करायच्या. मुलाचं लग्न ठरवायला गेले तेव्हा तर कहर. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलगा कसा आहे? काका म्हणाले, "शंभरात ब्याऐंशी. राग लवकर येते त्याले." काकूंनी टेबलाखालून चिमटा काढला, पण मुलीच्या बापाला ते आवडलं आणि त्यांनी मुलगी दिली. मुलाला मात्र ते ब्याऐंशी जन्मभर बोचले. पुण्याला गेला तरी बोचतच होते.

मला खोली देतानाही तीच तऱ्हा. शाळेत मानधनावर कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली होती. पिशवी घेऊन मी ओट्यासमोर उभी राहिले. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोनत्या गावच्या?"

"लोणारची."

"लोनारच्या मास्तरनी इथं शंभरात किती टिकतात, ठाऊक हाय का?"

मी काय सांगणार, कपाळ! "आठ दिवस राहा," ते म्हणाले. "मंग सांगतो." नवव्या दिवशी सकाळी दाराखालून एक चिठ्ठी सरकली. शंभरात एक्क्याण्णव, आणि खाली सही. नऊ गुण कशाचे कापले ते विचारायला गेले, तर उत्तर तयार होतं. पंखा चालू ठेवून बाहेर जाते, नळ नीट बंद करत नाही, आणि फोनवर लोणारच्या लोकांशी फार मोठ्यानं बोलते. काकू आतून म्हणाल्या, "पोरी, नशीबवान हाय तू. मले पस्तीस वर्सं झाले, अजून आकडा नाई सांगितला."

निवृत्त झाल्यावर माणूस स्वस्थ बसेल असं वाटलं असेल काकूंना. पण बोंडअळीला मारणारा बीटी कापूस आल्यापासून घरची सरकी कुणी ठेवत नव्हतं. दर साली नवी थैली, नवा नंबर, नवं रंगीत चित्र. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मे संपत आला की लोक आपापली थैली घेऊन काकांच्या ओट्यावर यायला लागले. काका त्यातले शंभर दाणे मोजून घ्यायचे, औषधानं रंगवलेले ते दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करायचे आणि जिन्याखालच्या सावलीत ठेवायचे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे. आठ दिवसांनी गुंडाळी उलगडली की मोजणी, आणि मग चिठ्ठी. चिठ्ठीवर सही असली तर पेरा. नव्वदच्या खाली सही नाही, हा त्यांचा नियम होता. थैली बदलून आणा म्हणायचे. एकदा दुकानदार भांडायला आला, तर त्याला गोणपाट उघडून दाखवलं आणि म्हणाले, "मोज तूच."

या सगळ्याच्या नोंदी ठेवायला मुलानं पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला. कोणाची थैली, तिचा नंबर, शंभरात किती उगवले, असं गावातल्या प्रत्येकाचं एक पान. काकांनी दोन बोटांनी ते टाइप केलं. कित्येक वर्षांच्या नोंदी, सगळ्या मराठीत.

आणि मग तो चौकोन आला. पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी मला वरून हाक मारून बोलावलं. "म्याडम, हा कोन पाठवून राह्यला? अन् याची तपासनी कोनी केली?"

मी म्हटलं, कंपनी पाठवते, चांगलंच असतं, मशीन सुरक्षित राहतं, आपोआप चालू ठेवा आणि विसरून जा. आम्हाला तसंच शिकवलं होतं आणि मी पोरींना तसंच शिकवत होते. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी न मोजताच सही करा म्हणाले होते. त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत.

"पप्पा, आम्ही तपासूनच पाठवतो हो ते."

"तुमी तुमच्या वावरात तपासता. माह्या वावरात कुठं तपासलं?"

मुलानं फोन आईकडे द्यायला सांगितला.

त्याच महिन्यात आमच्या शाळेतले मोडके कॉम्प्युटर लिलावात निघाले. काकांनी एक उचलून आणला. पिवळा पडलेला डबा, पंखा सुरू झाला की पिठाच्या चक्कीसारखा घरघरायचा. तो त्यांनी जिन्याखाली ठेवला आणि त्याचं नावच ठेवलं, गोणपाट. मोठ्या मशीनच्या सगळ्या नोंदी त्याच्यावरही उतरवून घेतल्या. अपडेट आलं की आधी ते गोणपाटावर घालायचं. आठ दिवस थांबायचं. भारनियमन होतं, दिवसातून आठ-दहा तास लाइन नसायची. ते तास धरायचे नाहीत, असा वर नियम. त्यामुळे काकांचे आठ दिवस कधी कधी चौदा दिवसांचे व्हायचे. मग मोजणी.

ती मोजणी माझ्या बोडख्यावर होती. एका लांबोळक्या वहीत त्यांनी शंभर कामं लिहून काढली होती. एक, सुरू होतो का. सात, प्रिंटर छापतो का. तेवीस, ज्ञ उमटतो का. एकसष्ट, काकूंचा पत्त्यांचा डाव उघडतो का. अठ्ठ्याऐंशी, बंद हो म्हटलं की बंद होतो का. शंभरावं होतं, आवाज नेहमीचाच आहे का. रविवारी सकाळी, आठवड्याची एकुलती एक सुट्टी हो, मी त्या चक्कीसमोर बसून बरोबर किंवा चूक म्हणायची आणि काका वहीत टिंब मारायचे. कंटाळून मी एकदा तेविसावरून थेट एकतिसावर उडी मारली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा एकापासून," म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

पण एका वेळी त्या वहीनं आम्हाला वाचवलं, हे मला कबूल करायलाच हवं. एक मोठं अपडेट आलं. गोणपाटावर घातलं आणि तेविसाव्या कामाला मी थबकले. काकांच्या नोंदी जुन्या मराठी टायपिंगमध्ये होत्या, आणि ते बनवणारं दुकानही एव्हाना बंद पडलं होतं. नव्या अपडेटला ते टायपिंग ओळखताच येईना. पान उघडलं तर माणसांच्या नावांच्या जागी उलटेसुलटे कंस, टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा चुरा. एकही नाव वाचता येत नव्हतं. शंभरात अठ्ठ्याहत्तर भरले. काकांनी वहीत लाल शाईनं नापास लिहिलं आणि मला मोठ्या मशीनवरचं "आपोआप" बंद आहे ना ते तीनदा तपासायला लावलं. त्या दिवसापासून तो चौकोन रोज यायचा आणि काका रोज नाही म्हणायचे.

मुलगा फोनवर चिडायचा. असं जुनं ठेवलं तर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून कीड शिरेल आणि सगळंच जाईल, म्हणायचा. त्याचंही चुकत नव्हतं. मी दोघांच्या मध्ये. इकडून हो, तिकडून हो, आणि रविवार गेला तो गेलाच.

आता ज्या साली ते सगळं झालं, त्या सालाबद्दल सांगते.

त्या उन्हाळ्यात बहुतेकांनी एकाच नंबरची थैली आणली होती. थैलीत आत एक लहान पुडी असायची. तिच्यातलं बियाणं साधं, बीटी नसलेलं, ते वावराच्या कडेनं चारी बाजूंनी पेरायचं असं थैलीवर बारीक अक्षरात छापलेलं. ती पुडी नेमकी कशासाठी ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. दुकानदारही सांगत नव्हता. काकांनी आपल्या शिस्तीप्रमाणे दोन्ही तपासलं. मोठ्या थैलीचे शंभरात त्र्याण्णव आले. लहान पुडीचे अडतीस. त्र्याण्णववर सही केली. अडतिसावर सही करणं त्यांच्या नियमातच बसत नव्हतं. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, लहान पुडी टाकून द्या.

जमिलाबी तेव्हा ओट्यावर बसल्या होत्या. चार एकर त्या एकट्या पाहायच्या. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दिलेली. म्हणाल्या, "अर्ध्यात तूर टाकू का म्हनते मी. जीव घाबरून राह्यला या कापसाले." काकांनी गोणपाट उलगडून त्यांना मोड आलेले दाणे दाखवले. "त्र्यान्नव हाय, जमिलाबी. घाबरता कायले?" जमिलाबींनी चारही एकर कापूस लावला.

उगवण काय सुंदर झाली होती! काका दररोज संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे ते वावरांच्या कडेनं चालून यायचे. पाऊसपाणीही बरं. दिवाळीच्या सुमाराला झाडं बोंडांनी लगडली. आणि मग एक दिवस जमिलाबी पदरात बोंडं घेऊन आल्या, ओट्यावर ओतली आणि दातानं एक फोडून काकांच्या हातात दिलं. वरून हिरवंगार. आत पिवळी पडलेली सडकी रुई आणि तिच्यात गुलाबी अळी वळवळत होती. काकांनी दाढीचं ब्लेड आणलं आणि एकेक बोंड चिरत गेले. जमिलाबींनी काही आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, त्र्यान्नवच्या त्र्यान्नव गेले."

पंधरा दिवसांनी आमच्या शाळेच्या मैदानात शेतकी खात्याचे एक साहेब आले. त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. कडेला साधा कापूस असला की काही अळ्या तिथं वाढतात, त्यांना बीटीची सवय लागत नाही. कडेचं कुणी पेरलंच नाही तर राहिलेल्या सगळ्या अळ्या बीटी पचवायला शिकतात. ती लहान पुडी त्यासाठी होती. साहेबांनी विचारलं, "कडेनं लावलं होतं का कुणी?" मुद्दाम कुणी काकांकडे पाहिलं नाही. काका मधूनच उठले आणि चपला हातात घेऊन निघून गेले. आता एका गावानं कडेनं पेरलं असतं म्हणून सगळ्या मुलखाची अळी थांबली असती असं नाही, ते साहेबही तसं म्हणाले नाहीत. पण काकांना कोण सांगणार?

त्या शनिवारी सकाळची शाळा करून मी आले तर ते कॉम्प्युटरसमोर बसलेले. चौकोन समोर होता.

"म्याडम, याले हो म्हना."

"कुठं, गोणपाटावर?"

"नाई. ह्याच्यावर. अन् ते आपोआपचं बी चालू करून देजा. घडीघडी इचारू नको म्हना मले."

"काका, अठ्ठ्याहत्तर आलेत त्याला! नोंदी जातील सगळ्या."

"ठाऊक हाय मले."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मला भयंकर राग आला. त्याच आठवड्यात गावानं बियाण्याची तक्रार करायचं ठरवलं होतं. अर्ज मीच टाइप करत होते. अर्जात थैलीचा नंबर लागतो. पेरून झाल्यावर थैली कोण जपून ठेवतं? कुणी छपराच्या भोकात कोंबली होती, कुणी चुलीत घातली होती. नंबर होते ते एकाच ठिकाणी, काकांच्या नोंदीत. आणि प्रत्येक नंबराच्या खाली काकांचीच ओळ होती, लहान पुडी टाकून द्या.

"तुमची लाज झाकायला लोकांचे नंबर बुडवता होय?" मी ओरडले. हो, ओरडले. घरमालकावर, सत्तरीच्या माणसावर. काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. काका उठून जिन्याखाली गेले आणि स्टुलावर बसून वाळलेली गोणपाटं चाचपत राहिले. मीही वर निघून गेले. दुपारभर घरात कुणी जेवलं नाही.

चार वाजता त्यांनी खालून हाक मारली. "म्याडम, प्रिंटरमंदी शाई हाय का?"

मी उतरून आले. पानं लावली. पहिलं पान पडद्यावर आणलं आणि ती शेवटची ओळ दिसली. राग ओसरला होता आणि आता त्यांचीच कीव येत होती. मी हळूच म्हटलं, "काका, ती खालची ओळ काढून छापू का? अर्जाला नंबर तेवढा लागतो."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ती ओळ वाचली. मला वाटलं, हो म्हणतील. माझी इच्छाही तीच होती.

"तपासनीत मेलेला दाना फेकून देता येत नाई, म्याडम," ते म्हणाले. "तो बी मोजा लागते. छापा."

लाइन येत-जात होती, छपाईला दोन दिवस लागले. प्रत्येक पानावर काकांनी सही केली आणि डोक्यावर टोपी घालून स्वतः घरोघर नेऊन दिलं. जमिलाबींना वाचता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं, वाचून दाखवा. काकांनी अंगणात उभं राहून नाव वाचलं, नंबर वाचला, त्र्याण्णव वाचलं आणि शेवटची ओळही वाचली. जमिलाबी "हाव" म्हणाल्या आणि कागद पत्र्याच्या डब्यात ठेवला.

सुनावणी खामगावला होती. अर्ज मी लिहिलेले म्हणून मीही गेले. बियाणं कंपनीचा एक तरुण माणूस आला होता, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्यानं एक पान उचललं आणि त्याचा चेहरा खुलला. "साहेब, इथं स्पष्ट लिहिलंय, लहान पुडी टाकून द्या. यांच्याच गावच्या माणसानं सांगितलं. मग आमचा दोष काय?"

काका मागच्या बाकावरून उभे राहिले. "ते मीच लिहिलं. चुकलं माहं, लिहून घ्या. पन त्याच्या वरची ओळ बी वाचा ना जरा. तुमच्या पुडीतले शंभरातले बासष्ट दाने मेलेले होते. ते कोनाचे?"

तो माणूस फाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. अधिकाऱ्यांनी घड्याळात पाहिलं, सगळी पानं गोळा केली आणि वर पाठवतो म्हणाले. त्या अर्जांचं पुढं काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वर म्हणजे कुठं, तेही कधी कळलं नाही.

परतताना आम्ही सगळे एकाच एस.टी.त होतो. गाडी भरली होती, पण काकांच्या शेजारची सीट रिकामी होती. लोक उभे राहिले आणि ती रिकामीच राहिली. मी उठून तिथं जाऊन बसायला हवं होतं. मी माझ्या जागेवर बसून खिडकीबाहेर पाहत राहिले. ते अजून खातं मला.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आता त लोकाइचे कागद लोकाइपाशी गेले. आता म्हना हो." मी हो म्हटलं. खाली ते आपोआपचंही चालू केलं. मशीन अर्धा तास गुरगुरलं, बंद झालं, उघडलं. जमिलाबींचं पान काढून पाहिलं तर कंस आणि टक्के. काका म्हणाले, "ठीक हाय," आणि शंभर कामांची वही माळ्यावर टाकून दिली.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते घरातल्या शांततेमुळे. मशीन कधीही आपलं आपण बंद पडायचं आणि बदलून उघडायचं. एक दिवस काकूंचा पत्त्यांचा डाव गायब झाला. काकूंनी केवढा आरडाओरडा केला. काका म्हणाले, "आलं ते घ्याचं." भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलेनात. डॉक्टरांनी रक्तदाबाची नवी गोळी दिली, ती निमूट गिळली. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "पोरी, हे इचारूनच नाई राह्यले काही. मले भेव लागते वं." एस.टी.च्या कंडक्टरनंसुद्धा मला विचारलं, काका बरे आहेत ना?

मला नंतर बुलढाण्याला नोकरी मिळाली आणि मी ती खोली सोडली. काका गेले त्याला आता चार वर्षं झाली. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी ती लांबोळकी वही माझ्या हातात दिली, म्हणाल्या, तूच ठेव, तुझे रविवार आहेत त्यात. मी ती कॉम्प्युटरच्या शेजारीच ठेवली आहे. पण चौकोन आला की मला वही आठवत नाही. मला त्या पुढच्या उन्हाळ्यातली एक सकाळ आठवते, आणि तीच सांगायची होती.

मे संपला होता. ओट्यावर दर साली जिथं रांग लागायची तिथं कुणी नव्हतं. मी सुट्टीत लोणारला जायला पिशवी भरत होते. जमिलाबी आल्या, ओट्यावर बसल्या, पदराची गाठ सोडली आणि नवी थैली पुढं ठेवली.

"भाऊ, मोजून द्या."

"मी बंद केलं, जमिलाबी."

"काऊन?"

"काऊन म्हनता? तुमाले ठाऊक नाई?"

"ठाऊक हाय. सालभर तेच त निस्तरून राह्यली मी." त्यांनी पाणी मागितलं, प्याल्या, तोंड पुसलं. "मंग आता न मोजता पेरू का? उगवलंच नाई त ते अळी तरी काय खाईन?"

काकू आतून फसकन हसल्या. काका हसले नाहीत, पण त्यांचा हात थैलीकडे गेला. जमिलाबींनी आतली लहान पुडीही काढून त्यांच्या समोर ठेवली. "हे बी मोजा. मांगच्या साली फेकून देल्लं होतं न."

मी लोणारला गेले नाही. आठ दिवस थांबले. कशाला थांबले, कुणी सांगितलं होतं? पण पाय निघाला नाही. गोणपाटं पुन्हा ओली झाली. नवव्या दिवशी सकाळी काकांनी गुंडाळ्या उलगडल्या. चष्मा पुसला. मोठ्या थैलीचे मोजले, मला मोजायला लावले. चौऱ्याण्णव. मग लहान पुडीचे. दोनदा मोजले. एक्केचाळीस.

मराठी टायपिंग तर गेलंच होतं. त्यांनी कागद घेतला आणि हातानं लिहायला बसले. पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीला पेन थांबलं. जमिलाबी समोर बसून वाट पाहत होत्या. मग काकांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "मोठी थैली, शंभरात चौऱ्याण्णव. लहान पुडी, शंभरात एक्केचाळीस. तरी कडेनं पेरा, दाट पेरा. अळीचं मला सांगता येत नाही."

खाली सही केली. नव्वदच्या खालच्या आकड्याला 'पेरा' म्हणून केलेली, मी पाहिलेली ती त्यांची पहिली सही. जमिलाबींनी कागद पदरात बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि निघाल्या.

काका ओल्या गोणपाटाची घडी घालत होते. मान वर न करता मला म्हणाले, "अन् म्याडम, ते आपोआपचं बंद करून द्या. दर डाव इचारू द्या त्याले."

मी आत जाऊन बंद केलं.